उजव्या हाताचा गिअर

आमच्या ह्यांचं सायकलचं वेड अलोऱ्यातलं. सासरे कोयना प्रकल्पात होते, ह्यांचं सगळं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं, आणि कॉलनीतले रस्ते इतके गुळगुळीत होते की हँडल सोडून शाळेपर्यंत जाता यायचं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. लग्नानंतर मला मुद्दाम ते रस्ते दाखवायला नेलं होतं. मी बघितलं आणि म्हटलं, "हेच का ते?" तर परतीच्या एसटीत माझ्याशी बोलले नाहीत. माझी जीभ अशी आहे. पुढेही ती आड येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, मी घरी ब्लाउज शिवते. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा ह्यांना रोड सायकलचं खूळ लागलं. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, एका हाताने उचलता येईल अशी सायकल. तीही तयार आणायची नाही. एकेक भाग पारखून घ्यायचा आणि घरी जोडायची. पहिल्यांदा आली ती नुसती फ्रेम. ती मधल्या खोलीत झोपाळ्याच्या कडीला टांगली गेली आणि झोपाळा माळ्यावर गेला. माप द्यायला आलेल्या बायका आधी फ्रेमकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी सांगायचे, "सवत आणलीय. अजून हातपाय यायचेत तिला."

ह्यांची इच्छा एकच होती. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून पावसला जायचं आणि वाटेतली गोळपची घाटी खाली न उतरता चढायची. साध्या सायकलवर दर वेळी मध्यावर उतरून ढकलत न्यावी लागे, आणि आंब्याचे टेम्पोवाले हॉर्न वाजवत पुढे जात. ते ह्यांना फार लागायचं.

मग एका श्रावणात ह्यांना नेलकटर दाबता येईना. मी हसले. एवढ्या मोठ्या माणसाला नखं कापायला बायको लागते म्हणून चिडवलं आणि कापून दिली. पुढे पेन निसटायला लागलं, कुलपात किल्ली फिरेना. कोल्हापूरला दाखवलं, मग मुंबईला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, उजव्या हातापासून सुरुवात झाली आहे आणि ते हातावर थांबणार नाही. किती वेळ आहे ते सांगता येत नाही. औषध दिलं, पण त्याने गेलेलं परत येत नाही हेही सांगितलं.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले. मीही बोलले नाही, म्हणजे बघा. खेड स्टेशनात गाडी थांबली, चहा आला, आणि कप डाव्या हातात घेऊन हे म्हणाले, "चाकं आलीत, ब्रेक आलेत. आता गिअरची केबल नि आउटर घेतले की जोडून होईल."

मला असा राग आला! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आणि ह्यांना तारा सुचत होत्या. मी तोंड फिरवून बसले. रत्नागिरी यायच्या आत केव्हातरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की डॉक्टर जे बोलले ते ह्यांनी माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं.

कारण ह्या सायकलला गिअर ब्रेकच्याच दांडीत असतो, आणि मागच्या चक्रांचा गिअर उजव्या हाताला. चढ आला की ती दांडी बोटांनी आत ढकलायची. ती तार ओढते, तार साखळीला मागच्या मोठ्या चक्रावर चढवते, आणि मग पाय हलके होतात. घाटी पायांनी चढायची असली तरी चढू द्यायचं की नाही ते उजव्या हाताची दोन बोटं ठरवणार. बॅटरीवर चालणारे गिअर असतात, त्यात नुसतं बटण दाबायचं. सायकलवाल्याने ते सुचवलं होतं. हे म्हणाले, "मला बटण नाही दाबायचं, गिअर टाकायचाय."

तेव्हा तार अशी हवी होती की ती कमीत कमी जोरात सरकेल. आणि ती निवडायला ह्यांनी मला बसवलं, कारण ह्यांच्या हातात पक्कड राहत नव्हती.

मी आयुष्यात धागे निवडले होते, तारा नाही. पण फार वेगळं नसतं. आत एक बारीक तार, तिला इनर म्हणतात, आणि ती ज्या काळ्या नळीतून धावते ते आउटर. आउटरातही जाती. ब्रेकच्या आउटरात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आउटरात सगळ्या तारा सरळ उभ्या. पहिल्या खेपेला मी घाईघाईत ब्रेकचं आउटर घेऊन आले. ह्यांनी ते वाकवून बघितलं आणि परत पाठवलं. "हे दाबल्यावर आखडतं. मी ओढेन तेवढं मागे पोचणार नाही, साखळी दोन चक्रांच्या मध्ये लटकेल." मी परत गेले. लग्नाच्या साड्या घेतानासुद्धा मी दुकानात एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या, असं सायकलवाल्याला ऐकवलं.

तो सायकलवाला एसटी स्टँडमागच्या गल्लीतला, ह्यांचा जुना दोस्त. त्याने चार प्रकारच्या इनर काढून काउंटरवर ठेवल्या. "वयनी, ही साधी बिलकूल न्हेऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत म्हैनाभर टिकत नाय, गंजते नि आत धरते. ही स्टेनलेस. ही स्टेनलेसच, पण पॉलिश केलेली. आनि ही कोटिंगवाली. हिच्यासारखी हलकी दुसरी नाय." मी चारही घेऊन आले.

आता ह्यांची पद्धत. आउटरचा तुकडा टेबलाच्या पायाला आणि खुर्चीच्या पाठीला असा बांधला की सायकलवर जेवढी वळणं येतील तेवढी त्याला येतील. आतून इनर घातली. तिच्या एका टोकाला अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्या टोकाला पूजेचा तांब्या. मी तांब्यात वाटीवाटीने पाणी ओतायचं, आणि ज्या वाटीला वजन वर सरकेल ती हे वहीत लिहायचे. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात. ज्या माणसाच्या अक्षराची नक्कल करायला ऑफिसातली नवी मंडळी कागद घरी न्यायची, त्याचं ते अक्षर बघून मी पाणी सांडलं.

"अगो, वाईच हळू. एक वाटी फुकट गेली."

"तुमचा तांब्याच लहान आहे," मी म्हटलं.

साधी तार नवव्या वाटीला हलली, स्टेनलेस सातव्या, पॉलिशवाली साडेसहाला. कोटिंगवाली सहावी भरायच्या आतच सुळकन गेली. मी म्हटलं, "झालं, हीच घ्यायची." पण हे ऐकेनात. सायकलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "दोन-तीन म्हैने मस्त चालते. मग कोटिंगचा कातडा सुटतो, त्याचे केस आउटरात जमतात नि गिअर जड होतो."

ह्यांनी फोन ठेवला आणि पॉलिशवाली तार उचलली. म्हणाले, "तीन महिन्यांनी माझा हात कसा असेल ठाऊक नाही. तेव्हा गिअर जड लागला, तर तो तारेने जड झाला की हाताने, ते मला कळायला हवं. तार अशी हवी की तिच्यावर संशय घ्यायला जागा नको."

मी तेव्हा ते ऐकलं आणि "बरं" म्हणून वाट्या उचलल्या. आज ते वाक्य मला एकेका शब्दासकट आठवतं.

जोडणी मी केली, ह्यांनी खुर्चीत बसून करवून घेतली. आउटर कापताना टोक तिरकं जाऊन चालत नाही. ते कानशीने सपाट करायचं आणि आतली प्लास्टिकची नळी दबलेली असते तिचं तोंड सुईने उघडायचं. हे मला छान जमलं. हँडलखालची वळणं मी आधी कागदावर कापून बघितली, बाहीचा कागद कापतो तशी, आणि इंचभर जास्त ठेवलं. फ्रेमच्या पोटातून तार न्यायची होती. आत काही दिसत नाही, आणि तार बाहेर पडायचं भोक वालाच्या दाण्याएवढं. ह्यांनी लोहचुंबक आणायला सांगितलं. मी म्हटलं, "तीस वर्षं परकरात नाडी ओवतेय मी." दोरा आत सोडला, दुसऱ्या भोकाला तोंड लावून श्वासाने ओढला, आणि दोऱ्यामागून तार आणली. हे इतके हसले! आजार कळल्यापासून पहिल्यांदा. सायकलवाल्याने येऊन गिअर लावून दिले, तारेचा ताण जुळवला आणि बजावून गेला, "कोरडीच ठेवा. आत नळी आहे, तिला तेलपाणी काय नको."

ऑक्टोबरचं ऊन होतं. ह्यांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या. गिअर पडत होता. पण दोन बोटं लागत होती, आणि प्रत्येक वेळी ह्यांचा खालचा ओठ दाताखाली जात होता. "कसं वाटतंय?" विचारलं तर म्हणाले, "छान." तो ओठ मी बघितला नसता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपलेले असताना मी सायकलपाशी बसले. शिवणमशीनचं तेल ड्रॉवरमध्ये होतं. पण त्याला रॉकेलसारखा वास येतो, ते आतली प्लास्टिकची नळी खाईल असं मला वाटलं. खोबरेल मात्र घरचं, आमच्याच दोन माडांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. आमच्याकडे कुलपाला, कोयत्याला, बिजागरीला तेच लागतं. लेकीच्या टाळूवर मी तेच घातलं. ते एका नळीचं काय वाईट करणार? इंजेक्शनची सिरिंज होती, तिने आउटरच्या प्रत्येक तोंडातून आत सोडलं. एक थेंब म्हणून बसले होते, पण माझा हात सढळ आहे. तार मागेपुढे केली तर लोण्यातून गेल्यासारखी जात होती. आउटरची तोंडं पुसली, सिरिंज धुऊन टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी हे फेरी मारून आले ते चमकत. "आज एका बोटाने पडतोय! तार रुळली बघ." मी पोळ्या लाटत होते. मान खाली घालून हसू दाबलं. मला पोटात काही ठेवायची सवय नाही, पण हे ठेवताना मजा वाटली होती.

तो दीड महिना चांगला गेला. पाय शाबूत होते, पण दम राहिला नव्हता, म्हणून हे हळूहळू लांब जायला लागले. आधी भाट्याचा पूल, मग पलीकडे फणसोप, मग घाटीचं पहिलं वळण. सकाळी सहाला निघायचे, कारण उशीर झाला की रस्त्यावर गाड्या वाढतात. परत आले की कुठून वळले ते सांगायचे. घाटी अजून पुरती झाली नव्हती, पण "दम आला की एकदाच मारतो," असं म्हणायचे आणि माझा त्यावर विश्वास बसत चालला होता.

डिसेंबर लागला आणि एक दिवस येऊन म्हणाले, "सकाळी गिअर जड जातोय. येताना जमतं." चार दिवसांनी पुन्हा तेच. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा हाताला थंडी बाधते, गरम ठेवा. मग मी जुन्या शालीचा हातमोजा शिवला, बोटं मोकळी ठेवून. आणि रोज निघायच्या आधी पातेल्यात सोसेल तसं गरम पाणी घेऊन त्यात ह्यांचा हात शेकायचा आणि मग खोबरेलाने चोळायचा, असा नेम सुरू केला. थंडीत खोबरेल थिजतं, बाटलीतून येत नाही. म्हणून बाटलीही त्याच पातेल्यात उभी करायची. एका बाजूला बाटली, एका बाजूला ह्यांचा हात. वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मी रोज सकाळी ती बाटली पाण्यात ठेवत होते, आणि दाराशी ती सायकल उभी होती, आणि मला कळलं नाही.

जानेवारीत एका सकाळी हे जरा लवकरच निघाले. म्हणाले, "आज बघतो." तो गारठाही त्या वर्षीचा सगळ्यात जास्त होता. सातच्या सुमारास फोन आला. "ये. रिक्षा घेऊन ये." पुढे काही नाही. मी गाऊनवर ओढणी घेऊन तशीच निघाले.

घाटीच्या दुसऱ्या वळणावर कुणाच्या तरी बागेच्या दगडी गडग्याला सायकल टेकवून हे खाली चिऱ्यांवर बसले होते. उजवा हात मांडीवर पालथा ठेवलेला. मला बघून म्हणाले, "दांडी हललीच नाही. दोन बोटं लावली, चार लावली, मग थांबून पंज्याने ढकलली. हलली नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "संपलं गो."

रिक्षावाल्याने नि मी मिळून सायकल रिक्षाच्या मागे बांधली. वाटेत ह्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन सायकल अंगणात उभी केली. ऊन चढलं. मला ते "संपलं" सहन होत नव्हतं, आणि मला सहन झालं नाही की मी रागावते. जेवणाच्या आधी मी अंगणात गेले, मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि उजवी दांडी दाबली. टक्कन पडला. पुन्हा दाबली, पुन्हा पडला. हे ओटीवर बसून बघत होते. मी तिथून ओरडून म्हटलं, "बघा, पडतोय की! अगदी हलका आहे!"

मला म्हणायचं होतं की उद्या पुन्हा जा, इतक्यात हरू नका. ह्यांनी ऐकलं ते असं की तार चांगली आहे, तेव्हा हात गेला. मान हलवली आणि उठून आत गेले. मी चाक खाली ठेवलं.

त्यानंतर ह्यांनी सायकलला हात लावला नाही. सायकलला नाही आणि दुसऱ्याही कशाला नाही. तोवर शर्टाची बटणं अडखळत का होईना स्वतः लावायचे, ती मला लावायला सांगितली. दाढी मी करायला लागले. चमचा मी धरायला लागले. "सांडतं, तूच दे," म्हणायचे. मालिशीला हात पुढे करीनात. फेब्रुवारीत तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आपली दोन बोटं ह्यांच्या मुठीत दाबायला दिली आणि म्हणाले, "पकड अजून आहे की. वापरत राहा, वापरलीत तर थोडे दिवस जास्त राहील." आम्ही दोघांनीही ते ऐकून घेतलं. माणसाला धीर द्यायला डॉक्टर बोलतातच, असं रिक्षात हे म्हणाले. मीही हो म्हटलं.

पावसाळा गेला तेव्हा दोन्ही हात गेले होते. गणपतीनंतर बोलणं जड झालं. पायही चालेनात. मान एका उशीवर टेकवून खिडकीशी खुर्चीत बसवायचं, आणि जे सांगतील ते ओठांकडे बघून समजून घ्यायचं.

डिसेंबरात सायकलवाल्याचा निरोप आला. खेडच्या एका शिक्षिकेला तशी सायकल हवी होती. मी ह्यांना विचारलं, ह्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. तो सकाळी सातला टेम्पो घेऊन आला, कारण त्याला खेडला जाऊन दुपारनंतर परत दुकान उघडायचं होतं. ओटीवरून सायकल काढली, सवयीने चाक उचलून पेडल फिरवलं आणि उजवी दांडी दाबली. दांडी हलली नाही. त्याने जोर केला.

"वयनी, हा गिअर धरलाय."

"वर्षभर उभीच आहे," मी म्हटलं.

त्याने मागचा स्क्रू सैल केला आणि इनर ओढायला लागला. ती सहज येईना. मग आली ती थांबत थांबत, आणि तिच्यावर काहीतरी पांढरं होतं, मेणासारखं. आउटरच्या तोंडाशी त्याचा गोळा जमला. "ह्या काय?" तो म्हणाला. "मी कोरडी दिली व्हती ना?" त्याने नखाने थोडं खरवडलं आणि माझ्या बोटावर दिलं. माझ्या बोटाच्या उबेने ते बघता बघता पातळ झालं. वास घ्यायची गरज नव्हती, तरी मी घेतला.

आत गॅसवर पातेलं ठेवलेलं होतं. त्यात, आता ह्यांचं अंग चोळायला लागे म्हणून, बाटली उभी होती.

सायकलवाला म्हणाला, "वाईच उन्हात ठेवली तर सुटेल," आणि बोलता बोलता गप्प झाला. गेल्या जानेवारीतलं त्याला माहीत होतं. त्याने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तार गुंडाळून खिशात घातली, सायकल टेम्पोत चढवली आणि गेला. जाताना नेहमीसारखं "येतो" म्हणाला नाही.

आठ दिवस मी ते पोटात ठेवलं. सांगून काय होणार होतं? गेलेला हात येणार नव्हता. पण ह्यांना मऊभात भरवताना, अंग पुसताना, कूस बदलताना माझ्या तोंडात तेच यायचं. आणि मला असंही वाटे की हा माणूस आयुष्यभर मापाने चालला. तांब्यात वाट्या मोजून त्याने तार निवडली, आणि एवढ्यासाठी निवडली की आपलं नेमकं केव्हा संपलं ते आपल्याला कळावं. ते त्याला मी चुकीचं कळवलं होतं. खरं माप त्याला मिळायला हवं. हे कारण मी स्वतःला देत होते. खरी गोष्ट ही की मला एकटीला ते झेपत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी भात भरवून झाल्यावर सांगितलं. सगळं सांगितलं, सिरिंजपासून. "तुमचा हात नव्हता गेला हो. तेल थिजलं होतं. दुपारी मी दाबला तेव्हा ते उन्हाने सुटलं होतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओठ हलले. "किती... दिवस... होता?"

"डॉक्टर फेब्रुवारीत पकड आहे म्हणाले, ती खरी असणार," मी म्हटलं. "पावसाळ्यापर्यंत तरी हात राहिला असता. वापरला असतात तर."

"घाटी?"

मी खोटं बोलू शकले असते. "चढला असतात," म्हटलं.

आमच्या घरात रागावणं हे माझं काम. ह्यांना मी इतक्या वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढण्याजोगा राहिलाच नव्हता. पण शब्द इतके स्पष्ट आले, की कित्येक महिन्यांत तसे आले नव्हते. "बाहेर जा."

मी गेले. दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. वाटलं, राग उतरला की हाक मारतील. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की हाक मारण्याएवढा आवाज ह्यांच्यापाशी नाही. मी धावत आत गेले.

हे होते तसेच बसलेले होते, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. चेहरा पुरता भिजला होता. नाकातून आलेलं पाणी ओठांवर, हनुवटीवर, तिथून गळ्यात, आणि शर्टाची कॉलर ओली. मला घालवून देऊन हे एकटे रडले होते, आणि पुसायला हात नव्हता. मी टॉवेल घेतला, समोर बसले आणि तोंड पुसायला लागले. ह्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं. मान वळवता येत नव्हती, म्हणून डोळे मिटून घेतले.